उजव्या पंखातलं तकडु

मोडलेलं विमान लॉरीवर घालून कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैला आणलं, तेव्हा शेडपाशी जमलेल्या गर्दीत कुणी शब्द बोलत नव्हतं. एरवी याच लोकांची तोंडं या विमानावरून कधी थकली नव्हती. बंद पडलेल्या भातगिरणीत म्हातारा पुष्पक बांधतोय, ते उडालं तर कावेरी उलटी वाहील, असं म्हणून टपरीवर एकमेकांच्या मांडीवर थापा मारणारे हेच. आज मात्र सगळे चपला काढून उभे होते. मुकुंदरावांना त्या काढलेल्या चपलांचाच राग आला. हसत होते तेच बरे होते, असं त्यांना वाटलं.

लॉरीवरून आधी शेपूट उतरवली, मग डावीकडचे दोन्ही पंख, मग इंजिन. बसायची जागा होती तो मधला भाग ताडपत्रीत गुंडाळलेला होता, आणि तो उतरवताना कुणीतरी मुकुंदरावांना खांद्याला धरून बाजूला नेलं. त्यांनी नेऊ दिलं. पण उजवीकडचा खालचा पंख जमिनीवर ठेवला तेव्हा ते खांदा सोडवून परत आले.

मुकुंदराव कुंभकोणमचे जुने मराठी. तंजावरच्या राजांच्या मागोमाग जी घराणी इकडे आली आणि इकडचीच होऊन गेली, त्यांतलं त्यांचं एक. राजे गेले, इनामं गेली. उरलं ते नावामागचं राव आणि घरातल्या घरात बोलायची मराठी, जी ऐकून पुण्याचा पाहुणा बखर वाचत असल्यासारखा चेहरा करतो. मुकुंदरावांची सगळी हयात हवाईदलाच्या विमानदुरुस्तीत गेली होती आणि तिथे त्यांची एक ख्याती होती. काम सुरू करताना हत्यारं मोजायची, संपल्यावर पुन्हा मोजायची, आणि एक पाना जरी कमी भरला तरी विमान जागचं हलू द्यायचं नाही, मग वरचा साहेब कितीही आदळआपट करो. पंखात विसरलेला एखादा स्क्रू नको तिथे जाऊन अडकतो आणि माणूस मरतो, हे त्यांनी शिकाऊ मंडळींना इतकं ऐकवलं होतं की ती मंडळी पाठीमागे त्यांची नक्कल करायची. वैमानिक मात्र विमानात चढताना एवढंच विचारत, "रावांनी बघितलंय ना?" बघितलंय म्हटलं की विषय संपला.

हे ऐकतच कीर्ति लहानाची मोठी झाली. एकुलती एक मुलगी. पुढे ती प्रवासी विमानं चालवायला लागली, पण लोक झोपेत एका गावाहून दुसऱ्या गावी पोचतील असं सरळ उडवत राहायचं, याला ती विटली होती. तिला आभाळात कोलांट्या मारायच्या होत्या. तसलं विमान मिळेना तेव्हा बापलेकीने ते बांधायचंच ठरवलं. नकाशे परदेशातून मागवले, सरकारी परवानग्यांपायी उंबरे झिजवले, आणि गिरणीच्या शेडमध्ये दुहेरी पंखांचं एक एवढंसं लाल विमान उभं राहिलं. ते उडालंही. कावेरी मुकाट नेहमीच्या दिशेने वाहत राहिली.

फक्त ते वळायला आळशी होतं. "अप्पा, म्हैस कूस बदलते तसे फिरते हे," कीर्ति म्हणाली. "मी एक कोलांटी पुरी करेतोवर खालचे लोक जेवून येतील."

विमान कुशीवर फिरवतात ते पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्यांनी. त्यांना एलेरॉन म्हणतात. वैमानिकाने हातातला दांडा डावीउजवीकडे केला की पंखाच्या पोटातला धातूचा एक कोपर फिरतो आणि तो कोपर फळीला वर किंवा खाली ढकलतो. मुकुंदरावांनी त्या फळ्यांची पुढची कड नव्याने घडवली. दांडा हाताला हलका लागावा म्हणून फळ्यांखाली वाऱ्याचा जोर घेणारे छोटे पत्रे टांगले. आणि पंखातला जुना कोपर काढून त्या जागी लांब हाताचा नवा कोपर बसवला, म्हणजे फळी पहिल्यापेक्षा जास्त वळावी. म्हशीचं हरीण झालं. पहिल्या दिवशी खाली उतरल्यावर कीर्तिने बापाला मिठी मारली, जे त्या घरात लहानपणानंतर कुणी कुणाला करत नसे.

आठवडाभराने, रजेच्या शेवटच्या दिवशी, ती युद्धकाळातल्या एका जुन्या धावपट्टीवरून पुन्हा वर गेली. विमान कुशीवर फिरायला लागलं आणि थांबेचना. शेतातल्या बायकांनी पाहिलं, ते फिरत होतं, मधेच अडखळत होतं, वर कुणीतरी त्याच्याशी झटत असल्यासारखे पंख थरथरत होते, आणि तसंच फिरत फिरत ते केळीच्या बागेपलीकडे गेलं. कीर्तिच्या पाठीवर हवाई छत्री बांधलेली होती. ती उघडलेलीच नव्हती.

विमान कशाने पडलं हे ठरवायला चेन्नैहून तपास अधिकारी येणार होती. तोवर मोडतोड बघायला मनाई नव्हती, हात लावायला होती. गावाने आपल्यापुरता निकाल कधीच देऊन टाकला होता. म्हाताऱ्याने चांगल्या चालत्या विमानात हात घातला आणि पोर घालवली. मुकुंदरावांना मात्र वेगळीच भीती होती. उजव्या खालच्या पंखात एक वस्तू होती, ती तिथे नको होती, आणि ती अजून तिथे आहे हे त्यांच्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

पंखाच्या सांगाड्यावर ताणून चढवलेलं कापड जिथे फाटलं होतं तिथे ते वाकले. आत नव्या कोपराचा लांब हात एका बाजूला पुरता वळून अडकला होता. तो हात आणि लाकडी फासळी यांच्या मधे तांब्याचं एक पातळ पान चेपून घुसलं होतं. त्याच्यावर कोरलेल्या रेघा अजून ओळखू येत होत्या.

मुकुंदराव सरळ उभे राहिले आणि गिरणीच्या मागच्या नळावर जाऊन हात धुवायला लागले. हात त्यांनी कशालाही लावलेला नव्हता. तरी बराच वेळ ते धूत राहिले.

ते पान म्हणजे वसंताने दिलेलं तकडु. तमिळ मुलखात देवाची मूर्ती बसवताना तिच्याखाली अक्षरं आणि रेघा कोरलेलं तांब्याचं पान ठेवतात, त्याला तकडु म्हणतात. दुकानाच्या उंबऱ्याखाली ठेवतात, नव्या घराच्या पायात ठेवतात. एकदा पूजा करून बसवलं की ते हलवायचं नाही, आणि हलवायचंच झालं तर पुन्हा पूजा करून. पंखावर पहिल्यांदा कापड चढवायचं होतं तेव्हा वसंताने ते आणून नवऱ्यापुढे धरलं.

"पोर वर जाणार," ती म्हणाली. "एवढे आत ठेवा."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मुकुंदरावांनी त्याला शेडबाहेर काढलं असतं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईने त्यांच्या कामात कधी नाक खुपसलं नव्हतं. त्यांनी कोपराच्या पलीकडची, फासळीच्या मागची, काही हलत नाही अशी जागा पाहिली, स्वतःच्या हाताने ते तकडु एपॉक्सीने फासळीला चिकटवलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि मनात म्हणाले, तोळाभर वजन, त्याने काय होतंय. आणि खरंच काही झालं नाही. जुन्या कोपराचा हात आखूड होता.

पुढे नवा कोपर बसवायला पंख उघडला तेव्हा ते पुन्हा समोर आलं. नवा लांब हात पुरता वळला की त्याच्यात आणि तकडुत बोटभर अंतर राहत होतं. एखाद्या शिकाऊ पोराने असलं काही आत राहू दिलं असतं तर रावांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. छिन्नीचे चार ठोके मारले की काम झालं असतं.

पण नेमका तेव्हा पापनाशमचा चुलत भाऊ हनुमंतराव वारला होता आणि घराला सुतक होतं. सुतकात पूजा नाही, आणि पूजा नाही तर बसवलेलं हलवायचं कसं? सुतक फिटेपर्यंत थांबावं तर कीर्तिची रजा सरत होती. मुकुंदरावांनी घरी येऊन बायकोला विचारलं.

कुणालाही वाटेल, बाईमाणूस, ती म्हणाली असेल की हात लावू नका. वसंता म्हणाली, "वाटेत येते तर काढून टाका. देव इतका बारका नव्हे."

"सुतकात?"

"सुतकात भात गिळतो की नाही आपण? काढा."

"सेरी, बरे, काढतो," मुकुंदराव म्हणाले. आणि शेडमध्ये जाऊन त्यांनी ते काढलं नाही.

देवाधर्मात ते कधी फारसे पडत नसत. खरी गोष्ट अशी की नव्या कोपरावर त्यांचा स्वतःचाच भरवसा पुरता बसला नव्हता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशाबरहुकूम काम केलं. हा कोपर पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला होता, आणि त्याच्या जोरावर आभाळात उलटी होणार होती ती त्यांची मुलगी. अशा वेळी माणूस कशाकशाला धरून बसेल ते सांगता येत नाही. छिन्नी हातात घेतली आणि त्यांच्या मनात आलं, आज हे उपटलं आणि उद्या काही झालं तर? मग त्यांनी छिन्नी ठेवून दिली. दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, कुठे लागत नव्हतं. तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये एपॉक्सी मऊ पडते, उलट्या विमानात पंख किंचित वाकतो, आणि पातळ पानाचं एक टोक सुटलं की ते वर वळतं, यातलं सगळं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेलं त्यांनी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. कापड चढवलं, रंग मारला आणि मोकळे झाले.

तपास अधिकारी आली ती अलमेलू नावाची, पन्नाशीची, साडीखाली जाड बूट घातलेली बाई. आल्या आल्या तिने सांत्वनाचे दोन शब्द बोलून घेतले आणि ती थेट मोडतोडीकडे वळली. शेपूट पाहिली, तारा पाहिल्या, डावे पंख पाहिले. उजव्या खालच्या पंखापाशी ती बॅटरी घेऊन आडवी झाली आणि उठेचना.

तेवढ्यात वसंता घरून कॉफी घेऊन आली. घरात मरण असो, आलेल्या माणसाला कॉफी दिल्याशिवाय कुंभकोणमची बाई त्याला जाऊ द्यायची नाही. मुकुंदरावांनी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. कीर्तिला पोचवून आल्यापासून ती दोघं एकमेकांशी पाणी हवं का आणि दिवा लावला का एवढंच बोलत होती.

अलमेलूने पक्कड आत घालून ते पान ओढून काढलं आणि हातमोज्याच्या तळव्यावर सरळ केलं. ते काय आहे हे तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

"हे कुणी ठेवलं?" तिने तमिळमध्ये विचारलं.

वसंताने कॉफीचा पेला खाली ठेवला. तिने तकडुकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. ते काढलेलंच नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. तिला कळलेलं मुकुंदरावांना दिसलं.

"मी ठेवलं," ती तमिळमध्ये म्हणाली. "कापड चढवायच्या आधी. यांना माहीत नव्हतं."

"चिकटवलेलं आहे हे."

"चिकटवायचा डबा इथेच पडलेला असायचा. हे जेवायला घरी आले होते तेव्हा."

अलमेलू मुकुंदरावांकडे वळली. "नवा कोपर बसवताना तुम्ही पंख उघडला होता, सर. तेव्हा दिसलं नाही?"

खरं सांगायला इथे एक शब्द पुरे होता, आणि खोटं बोलायलाही एकच. मुकुंदरावांना आपली ख्याती आठवली नाही, गाव आठवला नाही, काहीच आठवलं नाही. फक्त हे लवकर संपावं असं वाटत होतं.

"नाही," ते म्हणाले.

अलमेलूने पुन्हा वाकून पाहिलं. "चिकटवल्याची खूण फासळीच्या मागे आहे. इथून नजर पोचणं कठीणच," ती म्हणाली. मग तिने अडकलेला कोपर सोडवून दोन्ही बाजूंना फिरवला, फळ्यांच्या कडा बोटांनी चाचपल्या, खालचे पत्रे हलवून पाहिले. "काम फार चोख आहे तुमचं. बदलात काही खोट नाही. हे मधे आलं नसतं तर काही झालं नसतं." वसंताकडे तिने बघितलं नाही, बघवलं नसावं. जाताना मात्र तिला राहवलं नाही. "उंची भरपूर होती हो. उडी मारायला वेळ होता. पण तिने उडी मारली नाही, शेवटपर्यंत दांडाच सोडवत राहिली."

घरी आल्यावर वसंताने पाय धुतले आणि तांदूळ धुवायला घेतले. मुकुंदराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"कसाला बोललीस तसे?" त्यांनी विचारलं.

"काढतो म्हणून सांगटलात मज."

"होय."

"काढले नाहीत."

"नाही."

तिने तांदळाचं पाणी ओतून दिलं आणि दुसरं घेतलं. मुकुंदरावांना वाटलं होतं ती ओरडेल, छाती बडवून घेईल, निदान भांडं आपटेल. त्यांची तयारी होती. ती नुसती तांदूळ चोळत राहिली.

"उद्या त्या बाईस गाठून अवघे खरे सांगतो मी," ते म्हणाले.

"उगे रहा." तिचा आवाज चढला नव्हता. "पोरीस वेळ होता म्हणून बोलली ना ती? मग उडी कसाला मारली नाही पोरीने? अप्पाने केले आहे, सुटेल, म्हणून नाही मारली. तुमच्या हातावर भरवसा ठेवून वर गेली ती. तो भरवसाच खोटा होता म्हणून आता गावास सांगायचे? मग पोर माझी मूर्खच मेली की."

खरं सांगायचं तर मुकुंदरावांना सुटल्यासारखं वाटलं. मुलगी गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना घास गिळता आला. असं वाटणं वाईट होतं, पण वाटलं ते वाटलं.

गावाला निकाल फिरवायला कितीसा वेळ लागणार? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर माणसं हौसेने जमतात. म्हाताऱ्याचं काम चोख होतं, सरकारी बाईनेच सांगितलं, घात केला तो बायकोच्या तांब्याच्या पानाने, असं टपरीवर ठरलं आणि देवळापर्यंत पोचलं. पूर्वी हसणारे लोक आता शेडवर येऊन मुकुंदरावांचा हात हातात घ्यायला लागले. त्यांच्या जुन्या कामाच्या गोष्टी एकमेकांना सांगायला लागले, त्यांतल्या निम्म्या घडलेल्याही नव्हत्या. आणि वसंता दिसली की बोलणं थांबायचं.

मुकुंदरावांची थोरली बहीण सरस्वतीअक्का दोन गल्ल्या सोडून राहायची. तिने तर तोंडावरच म्हटलं, "देवाचे कोठे ठेवावे, कोठे ठेवू नये, एवढेही कळत नाही बाईस? पोटची पोर खाल्लीस."

वसंताने ऐकून घेतलं आणि तिला पाट दिला.

गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात ती वर्षानुवर्षं बायकांमध्ये बसून भजन म्हणायची. तिथेही आता तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहायला लागली. एकदा एक लहान मूल रांगत तिच्या मांडीशी आलं तर त्याच्या आईने गडबडीने येऊन ते उचललं, वर ओशाळून हसली. त्यानंतर वसंता गुडघे दुखतात म्हणून जाईनाशी झाली. तिचे गुडघे मुकुंदरावांपेक्षा धड होते.

मुकुंदराव हे सगळं बघत होते. आधी त्यांनी स्वतःची समजूत घातली की लोक विसरतील. मग समजूत घातली की तिनेच तर उगे राहायला सांगितलं आहे. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की वकील बाहेरून आणावा लागत नाही. पण एका दुपारी शेजारच्या घरात सुनेला बांगड्या भरायचा कार्यक्रम होता, दिवस गेलेल्या मुलीला सगळ्या बायका मिळून भरतात तो. त्या सुनेला वसंताने स्वतःच्या हातचं करून घातलं होतं, कीर्तिच्या बरोबरीची म्हणून. पलीकडून बायकांचा आवाज यायला लागला तशी वसंताने कपाटातून निळी रेशमी साडी काढली, नेसली आणि ओसरीत येऊन बसली. बोलवायला कुणी आलं नाही. पलीकडचं गाणं संपलं तेव्हा ती उठली, आत गेली, आणि रोजची साडी नेसून बाहेर आली. मुकुंदराव आरामखुर्चीत पेपर धरून बसले होते. तो उलटा आहे हे त्यांना तेव्हा दिसलं.

त्यांनी अंगणात जाऊन अलमेलूला फोन लावला. मी खोटं बोललो, तकडु मी चिकटवलं, मी पाहिलं आणि मीच राहू दिलं, असं सगळं सांगून टाकलं.

"सर, मी या कामात बरेच बाप पाहिलेत," ती म्हणाली. तिचा आवाज मायाळू होता, आणि तेच वाईट होतं. "घरात दोघंच उरलात. तुम्ही त्यांचं ओझं उचलायला बघताय, ते मला समजतं. पण बाईंनी माझ्यासमोर स्वतः सांगितलं, तुम्हीही सांगितलंत. लिहून पाठवलंत तर मी जोडून ठेवीन. वाचणारा काय समजेल, ते तुम्हीच बघा."

मुकुंदरावांनी लिहून पाठवलं. त्यावर काही आलं नाही.

मग कीर्तिचं वर्षश्राद्ध आलं. भटजी जेवून दक्षिणा घेऊन गेले आणि घरच्या माणसांची पानं मांडली गेली. अक्का होती, पापनाशमची मंडळी होती, गल्लीतले चार जुने लोक होते. वसंता आत भात काढत होती. मुकुंदराव आपल्या पानावर बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"मज एक सांगावाचे आहे," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. तकडु आपल्या हाताने चिकटवलं ते सांगितलं, हनुमंतरावाचं सुतक सांगितलं, वसंता काढा म्हणाली होती आणि आपण काढलं नाही ते सांगितलं. चौकशीत तिने आपल्याला वाचवलं आणि आपण वाचवू दिलं, तेही सांगितलं. कामाची पाहणी करून साहेबाला सांगावं तसं एकापुढे एक सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

मग अक्काने पदराने डोळे पुसले.

"पाहिलात?" ती सगळ्यांना म्हणाली. "माझ्या भावास पाहिलात? बायकोचे पाप आपल्या डोकीवर घेतो."

"असे पुरुष आता कोठे राहिले," पापनाशमचं कुणीतरी म्हणालं.

"अक्का, हे खरे आहे. मी करलो हे."

"होय रे बाळा, खरे आहे," अक्का म्हणाली, तापात बडबडणाऱ्या पोराला म्हणावं तसं. बाकीच्यांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्याला तर हुंदका आला. मुकुंदरावांनी एकेक तोंड पाहिलं. रावांच्या हातून पंखात काही राहून जातं, यावर त्या खोलीत कुणाचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. तशी तजवीज त्यांनीच जन्मभर केली होती.

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. "वसंता, तू सांग यांस."

सगळ्यांचे डोळे दाराकडे गेले. वसंता ओगराळं हातात धरून उभी होती. ते डोळे पाहिल्यावर, बोलून गेल्यावर, मुकुंदरावांच्या लक्षात आलं. ती होय म्हणाली तर आता स्वतःचं पाप नवऱ्यावर ढकलते म्हणतील. नाही म्हणाली तर पाप तिच्या माथी आहेच.

"त्यांस झोप नाही कितीक दिवस," वसंता म्हणाली. "जेवाला बसा अवघे. भात निवतो."

"पाहिलीस ना?" अक्का तिला म्हणाली. "तू काय केलीस आणि हा काय करतो, पाहिलीस ना? दुसरा असता तर घराबाहेर घातला असता तुज. ये इकडे. पाया पड त्याच्या."

कुणी अक्काला थांबवलं नाही. मुकुंदराव थांबवायला निघाले होते, पण वसंताने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढंच होतं की आता पुरे. आणखी एक शब्द बोललात तर तो माझ्याच अंगावर येईल. मुकुंदराव परत भिंतीला टेकले.

वसंता ओगराळं ठेवून बाहेर आली. तिने पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत वाकून मुकुंदरावांच्या पायांवर डोकं टेकलं. त्यांना पाय मागे घ्यायचे होते, पण मागे भिंत होती. आणि जन्माची सवय अशी की त्यांचा उजवा हात आपसूक वर झाला, आशीर्वाद देतात तसा, आणि खोलीतल्या सगळ्यांनी तो पाहिला.